मोरचुदाच्या नावांचा मागोवा

इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्लिनी या रोमन ग्रंथकाराने निसर्गाविषयी जो प्रचंड ग्रंथ लिहिला, त्यात स्पेनमधल्या एका उद्योगाचे वर्णन आहे. तिथल्या काही विहिरींचे आणि डबक्यांचे पाणी उकळून लाकडी टाक्यांत ओतत. टाक्यांवर आडव्या दांड्या असत, दांड्यांना दोर बांधलेले आणि दोर ताठ राहावेत म्हणून त्यांच्या टोकांना दगड. पाणी निवत गेले की दोरांवर काचेसारखे चकचकीत, गडद निळे मणी धरत. प्लिनीला ते द्राक्षाच्या घडासारखे दिसले. हे मणी चांभारांच्या कामाचे होते, कारण त्यांनी कातडे काळे होई. आजचा रसायनशास्त्राचा विद्यार्थी इथे अडखळेल. निळे खडे तांब्याचे, पण कमावलेले कातडे काळे करण्याचा गुण लोखंडाचा. हिरडा आणि लोखंडाचा क्षार एकत्र आले की काळा रंग उठतो. कापड काळे रंगवण्याची आपल्याकडची जुनी रीत हीच. म्हणजे स्पेनमधल्या त्या खड्यांत तांबे आणि लोखंड दोन्ही नांदत असणार आणि रोमन कारागिरांना ते वेगळे करण्याची गरज वाटली नव्हती. काचेसारखे दिसते, कातडे काळे करते, अमुक विहिरीतून येते, एवढी ओळख त्यांना पुरेशी होती. काचेशी असलेल्या या साम्यावरूनच पुढे युरोपात ‘व्हिट्रिऑल’ हे नाव रूढ झाले आणि अठराव्या शतकापर्यंत टिकले.

ज्या निळ्या खड्याला मराठी माणूस मोरचूद म्हणतो, त्याचा हात धरून आपण हा प्रवास करणार आहोत. असेंद्रिय संयुगांना नावे देण्याच्या आणि त्यांची वर्गवारी लावण्याच्या इतिहासातले जवळजवळ प्रत्येक वळण या एका पदार्थाने पाहिले आहे.

आपल्याकडच्या रसशास्त्रात त्याची नावे तुत्थ आणि सस्यक. साधारण तेराव्या शतकातल्या मानल्या जाणाऱ्या ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात त्याची जन्मकथा येते: गरुडाने अमृत प्यायले, त्यावर हलाहल प्यायले, आणि मग पर्वतावर जे वमन केले ते घट्ट होऊन सस्यक झाले. रंग मोराच्या कंठासारखा. कथा बाजूला ठेवली तरी तिच्यात एक अनुभव साठवलेला आहे. हा पदार्थ पोटात गेला की ओकारी काढतो, थोड्या मात्रेत औषध आणि जास्त मात्रेत विष ठरतो, हे त्या वैद्यांना नीट माहीत होते. त्याहून लक्षणीय आहे ती या ग्रंथाची वर्गवारी. अभ्रक, माक्षिक, शिलाजतू, सस्यक वगैरे आठ पदार्थ ‘महारस’. गंधक, गेरू, कासीस म्हणजे हिराकस, तुरटी, हरताळ, मनशीळ वगैरे आठ ‘उपरस’. आणि नवसागर, हिंगूळ, मुरदाडशिंग असे आठ ‘साधारण रस’. ही मांडणी पाऱ्यावरच्या संस्कारांत कोणाचा उपयोग किती, या कसोटीवर बेतलेली आहे. म्हणून आज ज्यांना आपण सख्खी भावंडे मानतो ते मोरचूद आणि हिराकस तिथे वेगवेगळ्या गटांत बसले. दोघेही एकाच आम्लाचे क्षार आहेत हे सांगणे हा त्या वर्गीकरणाचा हेतूच नव्हता. या परंपरेची कहाणी आधुनिक रसायनशास्त्रापुढे साधार मांडली ती प्रफुल्लचंद्र राय यांनी. त्यांच्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९०२ साली प्रसिद्ध झाला आणि दुसरा १९०९ साली.

युरोपातल्या किमयागारांनी धातूंची गाठ ग्रहांशी घातली होती. सोने सूर्याचे, चांदी चंद्राची, लोखंड मंगळाचे, शिसे शनीचे आणि तांबे शुक्राचे. त्यामुळे मोरचूद ‘शुक्राचे व्हिट्रिऑल’ झाले आणि हिराकस ‘मंगळाचे’. जोडीला रूपावरून पडलेली नावे होती: अँटिमनीचे लोणी, जस्ताची फुले, गंधकाचे यकृत, शिशाची साखर. इंग्लंडमधल्या एप्सम गावच्या झऱ्यावरून एप्समचे मीठ आले, योहान ग्लाउबर या जर्मन रसायनज्ञावरून ग्लाउबरचे मीठ आले. या नावांची थट्टा करण्याची एक रीत आहे, ती मला मान्य नाही. लोणी म्हटले की तो पदार्थ मऊ, स्निग्ध आणि चटकन वितळणारा आहे हे हाताळणाऱ्याला कळत होते. फुले म्हटले की ती हलकी पांढरी पूड उष्णतेने वर उडून भांड्याच्या माथ्यावर जमते हे कळत होते. पण धोकाही तेवढाच होता. शिशाच्या साखरेची चव खरोखर गोड असते आणि ती प्राणघातक आहे, हे नाव कोणाला सांगत नव्हते. शिवाय एकाच पदार्थाची चार गावांत चार नावे असत आणि एकाच नावाखाली दोन निराळे पदार्थ विकले जात. पदार्थ मोजके होते तोवर हा सगळा पसारा पाठांतराने सांभाळता आला. अठराव्या शतकात नवी आम्ले, नव्या धातू आणि निरनिराळे वायू इतक्या झपाट्याने हाती येऊ लागले की स्मरणशक्ती थकली.

त्याच शतकात वर्गवारीचा पायाही बदलत होता. पॅरिसमध्ये एत्येन फ्रांस्वा जोफ्रवा याने १७१८ साली कोणता पदार्थ कोणाला बाजूला सारून कोणाशी जोडला जातो याचा १६ स्तंभांचा तक्ता तिथल्या विज्ञान अकादमीपुढे ठेवला. त्यात चिन्हे जुनी किमयागारांचीच होती, विचार मात्र नवा होता: पदार्थ ओळखायचा तो दुसऱ्या पदार्थांशी त्याच्या वागणुकीवरून. त्यानंतर १७४४ ते १७५४ या दशकात गियोम फ्रांस्वा रुएल याने क्षाराची व्याख्या रुंद केली. आम्ल आणि त्याला धरून ठेवणारा ‘पाया’ या दोहोंच्या मिलनातून क्षार होतो, मग तो पाया अल्क असो, माती असो की धातू. हे एकदा मान्य झाले की मोरचुदाला दोन पालक मिळाले, एक आम्ल आणि एक तांबे. नावातही दोन भाग यायला वाव झाला. पिएर जोझेफ मॅकेर याने व्हिट्रिऑल हा शब्द त्या आम्लाच्या सगळ्याच क्षारांना लावावा असे सुचवले. चकाकी आणि रंग मागे पडून कूळ पुढे आले, ही या कथेतली पहिली मोठी कलाटणी.

दुसरी कलाटणी स्वीडनमधून आली. उप्साला विद्यापीठात टॉर्बर्न बर्गमन रसायनशास्त्र शिकवत होता, आणि त्याच विद्यापीठात कार्ल लिनिअसने वनस्पतींना जाती आणि प्रजाती अशी दोन पदांची नावे देऊन सगळ्या युरोपला वळण लावले होते. बर्गमनने तरुणपणी जळवांच्या अंड्यांवर शोध लावून लिनिअसची शाबासकी मिळवली होती. ती शिस्त त्याच्या अंगी मुरलेली होती. क्षारांनाही दोन पदांची लॅटिन नावे द्यावीत, एक आम्लावरून आणि एक पायावरून, असा त्याचा आग्रह होता. लॅटिन कोणाचीच घरची भाषा नव्हती, म्हणून ती सर्वांना चालणारी होती. बर्गमन १७८४ साली पन्नाशी गाठण्याआधीच वारला आणि त्याचे नाव या संदर्भात फारसे कोणी घेत नाही.

ज्याचे नाव घ्यायला हवे आणि घेतले जात नाही, असा याहून मोठा माणूस म्हणजे लुई बर्नार गितों द मॉर्वो. हा फ्रान्समधल्या दिझों शहरातला वकील, तिथल्या वरिष्ठ न्यायालयात सरकारची बाजू मांडणारा. रसायनशास्त्र तो स्वतः वाचून, हाताने प्रयोग करून शिकला. १७७३ साली दिझोंमधल्या एका चर्चच्या तळघरात पुरलेल्या प्रेतांमुळे असह्य दुर्गंधी सुटली, तेव्हा मीठ आणि गंधकाम्ल एकत्र करून निघणारी तिखट वाफ आत सोडून त्याने ती जागा शुद्ध केली होती. पुढे एका मोठ्या फ्रेंच ज्ञानकोशाचा रसायनविभाग त्याच्याकडे आला. लिहायला बसला तेव्हा प्रत्येक नोंदीला कोणते नाव द्यावे इथेच लेखणी अडू लागली. मे १७८२ मध्ये त्याने रासायनिक नावांवरचा निबंध प्रसिद्ध केला आणि त्यात पाच तत्त्वे मांडली. पदार्थाला लांबलचक वाक्य न लावता नाव द्यावे. ते शक्यतो त्याच्या घटकांवरून असावे. घटकांची खात्री नसेल तेव्हा चुकीची कल्पना देणाऱ्या नावापेक्षा काहीच अर्थ न सांगणारे नाव बरे. नवे शब्द ग्रीक किंवा लॅटिन मुळांवरून घडवावेत. आणि ते ज्या भाषेत वापरायचे तिच्या वळणात बसावेत. यातले तिसरे तत्त्व वाचकांनी लक्षात ठेवावे. एका वकिलाचा तो सावधपणा होता: जे सिद्ध झाले नाही ते नोंदीत घालू नका. माझ्या मते या साऱ्या इतिहासातले ते सर्वांत शहाणे वाक्य आहे, आणि पाच वर्षांतच ते मोडले गेले.

हा निबंध लिहिला तेव्हा गितों जळणाऱ्या वस्तूत फ्लॉजिस्टन नावाचे तत्त्व असते असे मानणारा होता. १७८७च्या आरंभी तो पॅरिसला आला, जळताना वस्तू ऑक्सिजनशी जोडली जाते असे मांडणारा रसायनज्ञ लाव्हाझिए याच्या प्रयोगशाळेत वावरला आणि त्याचे मत पालटले. मग लाव्हाझिए, बेर्तोले, फुर्क्रवा आणि गितों अशा चौघा रसायनज्ञांनी नावांचे काम एकत्र हाती घेतले. १८ एप्रिल १७८७ रोजी लाव्हाझिएने अकादमीच्या सभेत या सुधारणेची गरज सांगणारा निबंध वाचला, २ मे रोजी गितोंने पद्धतीचा तपशील मांडला, आणि त्याच वर्षी रासायनिक नामकरणाच्या पद्धतीचे त्यांचे पुस्तक छापून आले. त्यातला घडी घालून बसवलेला मोठा तक्ता आपण डोळ्यांपुढे आणू. डावीकडून उजवीकडे सहा स्तंभ. पहिल्यात ज्यांचे पुढे विघटन करता आलेले नाही असे पदार्थ, एकूण ५५. दुसऱ्यात तेच पदार्थ उष्णतातत्त्वाशी जोडले जाऊन वायुरूप झालेले. तिसऱ्यात ऑक्सिजनशी जोडलेले, चौथ्यात ऑक्सिजनसह वायुरूप, पाचव्यात ऑक्सिजनयुक्त पदार्थांचे पायांशी झालेले क्षार आणि सहाव्यात ऑक्सिजनशिवाय झालेल्या जोड्या. गंधकाची ओळ धरून बोट उजवीकडे सरकवत नेले की गंधकाचे सगळे कुटुंब क्रमाने भेटते. गंधकाच्या ज्या आम्लात ऑक्सिजन पुरेपूर आहे त्याच्या क्षाराला एक प्रत्यय, कमी आहे त्याच्या क्षाराला दुसरा, ऑक्सिजन मुळीच नाही तिथे तिसरा. आजचे सल्फेट, सल्फाइट आणि सल्फाइड तिथले. पाचव्या स्तंभात शुक्राचे व्हिट्रिऑल तांब्याचे सल्फेट होऊन बसले. तक्त्याखेरीज पुस्तकात दोन कोशही होते: जुन्या नावावरून नवे शोधण्यासाठी एक आणि नव्यावरून जुने शोधण्यासाठी दुसरा. औषधविक्यापासून प्राध्यापकापर्यंत कोणीही ते उघडून आपल्या फडताळावरच्या बरण्यांची नवी नावे लिहू शकत होता. पद्धत पसरली त्यात या कोशांचा वाटा सिद्धांताइतकाच मोठा आहे.

विरोध झालाच. अकादमीने नेमलेल्या परीक्षकांनी पुस्तक छापायला हरकत घेतली नाही, पण निवाडा काळावर सोडला. इंग्लंडमधल्या रसायनज्ञांपैकी कॅव्हेंडिश या नव्या नावांवर नाराज होता आणि प्रीस्टली अखेरपर्यंत वळला नाही. त्यांचा आक्षेप वरवरचा नव्हता. ही नावे वापरणारा माणूस नकळत लाव्हाझिएचा सिद्धांतही स्वीकारतो, हे त्यांनी अचूक ओळखले होते. प्रत्येक आम्ल ऑक्सिजनमुळेच आम्ल होते अशी लाव्हाझिएची ठाम समजूत होती आणि त्याने त्या वायूला नावच आम्ल घडवणारा या अर्थाचे दिले. मिठापासून निघणाऱ्या आम्लात ऑक्सिजन कोणाला सापडला नव्हता, तरी तो असणारच असे धरून तक्त्यात त्या आम्लाच्या अज्ञात घटकासाठी जागा राखली गेली. त्या आम्लापासून निघणाऱ्या हिरवट पिवळ्या वायूला तर जास्त ऑक्सिजन असलेले आम्ल ठरवून तसे नाव पडले. हम्फ्री डेव्ही याने पुष्कळ खटाटोप करूनही त्यातून ऑक्सिजन निघेना. तेव्हा १८१० साली त्याने जाहीर केले की हा वायू मूलद्रव्य आहे, आणि त्याला फक्त रंगावरून क्लोरिन असे नाव दिले. उद्या सिद्धांत बदलला तरी रंग बदलणार नाही, हा त्यामागचा विचार होता. गितोंचे तिसरे तत्त्व असे परत आले. तोवर ऑक्सिजन हे नाव इतके रुळले होते की ते बदलण्याचा विचारही कोणी केला नाही. लाव्हाझिएला हे पाहायला मिळाले नाही. ८ मे १७९४ रोजी क्रांतीच्या न्यायालयाने त्याला गिलोटिनवर चढवले होते.

एकोणिसाव्या शतकाचा पूर्वार्ध हा स्वीडनच्या योन्स याकोब बर्झेलिअसचा. विजेच्या साहाय्याने क्षारांचे विघटन केले की एक घटक धन ध्रुवाकडे आणि एक ऋण ध्रुवाकडे जातो, हे त्याने पाहिले होते. त्यावरून त्याने ठरवले की प्रत्येक संयुग दोन अर्ध्यांचे असते, एक विद्युत्‌धन आणि एक विद्युत्‌ऋण. १८११ साली त्याने आपली लॅटिन नामपद्धती मांडली आणि १८१३ पासून मूलद्रव्यांची अक्षरचिन्हे. डाल्टनने १८०८ साली वर्तुळे काढून अणू दाखवले होते. छापखान्यात त्यांचे खिळे पाडणे कटकटीचे होते. बर्झेलिअसने लॅटिन नावाचे पहिले अक्षर घेतले, गरज पडली तर त्याला दुसरे जोडले आणि काम भागले. आज शाळकरी मूल तांब्याची खूण लिहिते ती त्याचीच. मोरचूद त्याच्या लेखी तांब्याचे ऑक्साइड अधिक गंधकाचे ऑक्साइड असे झाले. धन अर्धे आधी आणि ऋण अर्धे नंतर हा क्रमही त्याच्या विचारसरणीतून आला. म्हणून आपण सोडिअम क्लोराइड म्हणतो. फ्रेंच लोक आजही १७८७च्या वळणाने क्लोराइड आधी घेतात. एकाच धातूची दोन ऑक्साइडे असतील तर त्यांतला भेद दाखवणारे प्रत्ययही त्याने लॅटिनमधून दिले. फेरस आणि फेरिक, क्युप्रस आणि क्युप्रिक, मर्क्युरस आणि मर्क्युरिक अशा जोड्या त्यांतून रूढ झाल्या. एका प्रत्ययाचा हा फरक प्राणांशी गाठ असलेला होता. मर्क्युरस क्लोराइड त्या काळी रेचक म्हणून सर्रास दिले जाई, मर्क्युरिक क्लोराइड जहाल विष आहे.

घटक आणि त्यांचे प्रमाण कळले की पदार्थ कळला, ही श्रद्धा शतकाच्या मध्यापर्यंत पक्की झाली होती. तिला तडा गेला तो कोबाल्टमुळे. १७९८ साली पॅरिसमध्ये तासेर याला कोबाल्टच्या द्रावात अमोनिया घातल्यावर तपकिरी रंग येतो हे आढळले होते. पुढे अशा संयुगांचा सुकाळ झाला. कोबाल्ट, क्लोरिन आणि अमोनिया एवढेच घटक, पण खडे पिवळे, किरमिजी आणि हिरवे. एखाद्यात भर पडते ती पाण्याची, तेव्हा रंग गुलाबी. घटकांवरून नाव द्यावे तर सगळी नावे एकमेकांत गुंतून पडत. एदमों फ्रेमी याने १८५२ साली सरळ रंगाचा आधार घेतला: पिवळ्याला ल्युटिओ, गुलाबीला रोझिओ, किरमिजीला पर्प्युरिओ, हिरव्याला प्रॅझिओ. काही संयुगांना शोधकांची नावे चिकटली, जसे माग्नुसचे हिरवे मीठ, त्साइझेचे मीठ, पेरोनेचे क्लोराइड. सुमारे सत्तर वर्षांच्या सुधारणेनंतर रसायनशास्त्र पुन्हा रंगांवर आणि माणसांवर आले, म्हणून काही इतिहासकार या टप्प्याला माघार म्हणतात. मला ते पटत नाही. अमोनियाऐवजी त्याच्याच जातीचा दुसरा गट असलेल्या मालिकेतले हिरवा आणि जांभळा हे दोन खडे घटकांनी आणि प्रमाणाने तंतोतंत सारखे होते. त्यांना घटकांवरून नावे दिली असती तर ते एकच ठरले असते. रंगाने त्यांना वेगळे ठेवले आणि त्यांच्यातला खरा भेद शोधण्याची निकड जिवंत राहिली.

तो भेद सापडला झुरिचच्या आल्फ्रेड वेर्नरला. १८९३ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याने मांडले की धातूच्या अणूभोवती ठरावीक संख्येने गट एका आकृतीत बसलेले असतात. कोबाल्टभोवती सहा, अष्टफलकाच्या सहा कोपऱ्यांवर. दोन क्लोरिन समोरासमोर बसले की खडा हिरवा, शेजारीशेजारी बसले की जांभळा. त्याचा थोर प्रतिस्पर्धी, कोपनहेगनचा योर्गेनसेन, पुरावा मागत राहिला. अमोनियाच्या मालिकेतला तो जांभळा खडा वेर्नरने १९०७ साली बनवून दाखवला, तेव्हा योर्गेनसेनने खुल्या मनाने हार मानली. १९१३ सालचे नोबेल पारितोषिक वेर्नरला मिळाले. नावांच्या दृष्टीने त्याने केलेली गोष्ट ही की धातूला मध्यभागी ठेवून भोवतालचे गट आधी मोजायचे आणि धातूचे नाव मागाहून घ्यायचे. जुने ल्युटिओ क्लोराइड हेक्साअमाइनकोबाल्ट क्लोराइड झाले. नाव आता रचनाही सांगू लागले.

धातूची संयोगशक्ती कशी दाखवावी हा प्रश्न उरला होता. चेक भाषेने तो आपल्या परीने फार सुरेख सोडवला आहे. तिथे एकपासून आठपर्यंत प्रत्येक संयोगावस्थेला स्वतंत्र प्रत्यय आहे, धातूच्या नावाला तो लावला की आकडा लिहावा लागत नाही. वेर्नरनेही प्राग येथील ब्राउनरच्या सूचनेवरून धातूच्या नावाला स्वर जोडून पाहिले. पण ही युक्ती परक्या भाषांत रुजली नाही. ज्याची युक्ती सगळीकडे रुजली तो आल्फ्रेड श्टॉक. बोरॉन आणि सिलिकॉन यांच्या हायड्राइडांवर आयुष्य वेचलेला आणि प्रयोगशाळेतल्या पाऱ्याच्या वाफेने वर्षानुवर्षे पोळलेला हा जर्मन शास्त्रज्ञ. त्याने १९१९ साली सुचवले की धातूच्या नावापुढे कंसात रोमन अंक लिहावा, बस्स. फेरसचे आयर्न दोन आणि फेरिकचे आयर्न तीन. मोरचूद झाले कॉपर दोन सल्फेट. त्याच १९१९ साली शुद्ध आणि उपयोजित रसायनशास्त्राचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला. असेंद्रिय नावांसाठी त्याची समिती बसली, १९४० साली तिचे पहिले सविस्तर नियम प्रसिद्ध झाले आणि श्टॉकच्या कंसाला त्यांत मान्यता मिळाली.

याच सुमारास आपल्याकडे एक धाडसी प्रयोग चालू होता. डॉ. रघुवीर यांनी आपली संस्था लाहोरहून नागपूरला आणली आणि संस्कृत धातूंवरून विज्ञानाची सबंध परिभाषा घडवायला घेतली. ऑक्सिजनला जारक, कार्बनला प्रांगार, सोडिअमला क्षारातू. धातुरूप मूलद्रव्य आहे हे शेवटच्या अक्षरांवरूनच कळावे अशी योजना. कार्बन डायऑक्साइड त्यांच्या पद्धतीत प्रांगार द्विजारेय होते. पुढच्या पिढीने या शब्दांची चेष्टा केली, पण त्यांची बांधणी नीट पाहिली तर ती गितोंच्या बांधणीसारखी काटेकोर आहे: मूळ एक, प्रत्ययांनी कुळे, संख्येने प्रमाण. अडचण निराळी होती. १७८७ साली पॅरिसमध्ये शास्त्र आणि त्याची नावे एकाच वेळी घडत होती. नागपुरात नावे घडत असताना शास्त्र दीडशे वर्षांचे झाले होते आणि प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी आधीच चिकटलेली होती. १९६१ साली नेमलेल्या केंद्रीय शब्दावली आयोगाने मूलद्रव्ये आणि संयुगे यांची आंतरराष्ट्रीय नावे तशीच ठेवण्याचे तत्त्व स्वीकारले. मराठी पाठ्यपुस्तकांतही मग एक समंजस वाटणी झाली. संयुग, मूलक, आम्ल, आम्लारी, क्षार, उभयधर्मी हे वर्गवारीचे शब्द आपले राहिले. सल्फेट, क्लोराइड, नायट्रेट ही नावे जगाची घेतली.

बाजारात मोरचूद हेच नाव चालले, आणि त्याला नवे बळ मिळाले ते फ्रान्समधूनच. बोर्दोजवळच्या मेडॉक भागातले मळेवाले रस्त्याकडेच्या वेलींवर तांब्याचा क्षार आणि चुना शिंपडत, वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून. त्याच वेली केवडा रोगातून वाचल्याचे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानात आले आणि १८८५ साली त्याने त्या मिश्रणाचे गुण जाहीर केले. नाशिक आणि सांगली भागातला द्राक्षबागायतदार आज कृषी सेवा केंद्रातून मोरचूद आणतो, कळीचा चुना विरवतो आणि बोर्डो मिश्रण करतो. त्याच्या तोंडी नाव मराठी आहे आणि पाकिटावर कॉपर सल्फेट छापलेले असते. त्याला दोन्ही कळतात.

आंतरराष्ट्रीय संघाचे नियम पुढे १९५७, १९७०, १९९० आणि २००५ साली नव्याने लिहिले गेले, आणि मुखपृष्ठाच्या रंगावरून त्यांना लाल पुस्तक हे नाव पडले. मधल्या काळात मोरचुदाच्या पोटातली रचनाही उलगडली होती. बीव्हर्स आणि लिप्सन यांनी १९३४ साली क्ष-किरणांनी या स्फटिकाचा वेध घेतला, तेव्हा दिसले की तांब्याच्या प्रत्येक आयनाला पाण्याचे चार रेणू बिलगलेले आहेत आणि पाचवा रेणू तांब्यापासून दूर, सल्फेट आणि इतर पाण्याच्या मध्ये हायड्रोजन बंधांनी धरलेला आहे. निळा खडा परीक्षानळीत तापवला की चार रेणू सुमारे ११० अंशांच्या आत निघून जातात आणि पाचवा २०० अंशांच्या आसपासपर्यंत तग धरतो. मग उरते पांढरी पूड, तिच्यावर पाण्याचा थेंब पडला की पुन्हा निळी होणारी. हे सगळे माहीत असताना २००५च्या लाल पुस्तकाच्या पद्धतीने मोरचुदाचे नाव लिहायचे ते असे: कॉपर दोन सल्फेट, मग एक लांब आडवी रेघ, मग पाणी, आणि कंसात एकास पाच. पेंटाहायड्रेट हे जुने रूपही चालते. चार रेणू कुठे आणि पाचवा कुठे हे सांगायचे असेल तर वेर्नरच्या वळणाने टेट्राअ‍ॅक्वाकॉपर म्हणायची मुभा आहे, कारण ते आता सिद्ध झालेले आहे. पण ज्या शेकडो क्षारांमध्ये पाणी नेमके कुठे बसले आहे हे अजून कोणी पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी ती आडवी रेघच वापरायची. प्रमाण सांगायचे आणि जागेविषयी काहीच बोलायचे नाही, हे दिझोंच्या वकिलाचे तिसरे तत्त्व तिथे आजही लागू आहे.